जोडीतला ली योंग-दे

१६ ऑगस्ट २००९. हैदराबादचं गच्चीबोवली इनडोअर स्टेडियम. जागतिक बॅडमिंटन स्पर्धेचा शेवटचा दिवस आणि पुरुष दुहेरीचा अंतिम सामना. एका बाजूला चीनचे काय युन आणि फू हायफंग, दुसऱ्या बाजूला कोरियाचे जंग जे-संग आणि ली योंग-दे. पहिला गेम चीनने २१-१८ असा घेतला, दुसरा कोरियाने २१-१६ असा. तिसऱ्यात दोन्ही जोड्या २०-२० वर आल्या आणि तिथून पुढे गेम संपेचना. विसाच्या बरोबरीनंतर दोन गुणांची आघाडी लागते. ती कुणालाच मिळाली नाही तर तिसावा गुण निकाल लावतो. हा गेम त्या टोकाच्या दोनच पावलं अलीकडे थांबला. २८-२६. विजेतेपद चीनचं.

ली तेव्हा अजून २१ वर्षांचाही झाला नव्हता. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक वर्षभरापूर्वीच त्याच्या गळ्यात पडलं होतं. पुढे तो पुरुष दुहेरीत तीन वेगवेगळ्या जोडीदारांसह जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेला. इंडोनेशियापासून डेन्मार्कपर्यंत जवळपास प्रत्येक मोठ्या स्पर्धेचा चषक त्याने उचलला. जागतिक स्पर्धेत मात्र त्याने तीनदा अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा रौप्यपदकावर थांबला.

एवढ्यावरून त्याला दुर्दैवी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण दुहेरीच्या खेळाडूचा हिशेब एकेरीच्या खेळाडूसारखा मांडता येत नाही. एकेरीत हार आणि जीत दोन्ही एकट्याची. दुहेरीत अर्धं कोर्ट दुसऱ्याच्या हातात असतं, आणि तो दुसरा कोण असावा हे बहुतेक वेळा खेळाडू ठरवतच नाही. ली योंग-देचं मोठेपण शोधायचं असेल तर जोडीदार बदलत गेले तेव्हा त्या प्रत्येकाच्या खेळाचं काय झालं, ते पाहावं लागतं.

ह्वासुनचा मुलगा

कोरियाच्या नैऋत्य टोकाला दक्षिण जोला प्रांत आहे. त्यातला ह्वासुन हा ग्वांगजू शहराला लागून असलेला डोंगराळ तालुका. ११ सप्टेंबर १९८८ रोजी ली योंग-दे इथे जन्मला. सोल ऑलिम्पिक सुरू व्हायला सहा दिवस होते. त्या ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटन केवळ प्रदर्शनीय खेळ होता; पदकतालिकेत त्याला जागा नव्हती.

शाळेत असताना ली अंगाने स्थूल होता. वजन कमी व्हावं म्हणून त्याच्या हाती रॅकेट आली. ह्वासुनमध्येच प्राथमिक, मग माध्यमिक, मग तिथलीच तांत्रिक शाखेची शाळा. कोरियात शाळेचा संघ ही खेळाची पहिली पायरी असते. शाळांच्या संघांमध्ये राष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि त्यातून निवडलेली मुलं पुढे कंपन्यांच्या संघांत जातात. लीच्या बाबतीत ही शिडी फार लवकर संपली. माध्यमिक शाळेत असतानाच तो राष्ट्रीय संघात आला.

२००६ मध्ये इंचनला जागतिक ज्युनिअर स्पर्धा झाली. मुलांची दुहेरी, मिश्र दुहेरी आणि सांघिक अशी तिन्ही सुवर्णपदकं त्याने मिळवली. त्याच वर्षी बॅडमिंटनची गुणपद्धतही बदलली. पूर्वी सर्व्हिस ज्याची असेल त्यालाच गुण मिळायचा आणि गेम १५ गुणांचा असायचा. आता प्रत्येक रॅलीला गुण आणि गेम २१ चा. दुहेरीवर याचा परिणाम मोठा झाला. चुकीवर नुसती सर्व्हिस जाण्याची जी सूट होती ती संपली. आता प्रत्येक चूक थेट समोरच्याच्या खात्यात जाऊ लागली. पहिले तीन-चार फटके अचूक बसवणाऱ्याला या पद्धतीत भाव आला. लीचा खेळ नेमका तसाच होता.

दुहेरीचा देश

कोरिया दुहेरीचा देश कसा झाला, हे सांगताना सुरुवात पार्क जू-बोंगपासून करावी लागते. १९८५ ते १९९१ या काळात त्याने पुरुष आणि मिश्र दुहेरीत मिळून पाच जागतिक विजेतेपदं जिंकली. ऑल इंग्लंड स्पर्धेतली त्याची विजेतेपदं नऊ. १९९२ मध्ये बार्सिलोनाला बॅडमिंटनला पहिल्यांदा ऑलिम्पिक पदकांचा मान मिळाला आणि पुरुष दुहेरीचं पहिलंवहिलं सुवर्ण पार्क आणि किम मून-सू या जोडीने नेलं. महिला दुहेरीचं सुवर्णही त्या वर्षी कोरियाचंच होतं.

पार्कनंतर किम डोंग-मून आला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात त्याने आणि गिल यंग-आ हिने खुद्द पार्क आणि रा क्युंग-मिन यांना हरवलं. पुढे किमची जोडी रा क्युंग-मिनशी जमली आणि ही दोघं वर्षभर कुणालाच हरेनात. २००४ ला अथेन्समध्ये त्यांचं सुवर्ण सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. उपान्त्यपूर्व फेरीतच डेन्मार्कच्या योनास रासमुसेन आणि रिके ओल्सेन यांनी त्यांना बाहेर काढलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये किमने हा ते-क्वोनसोबत पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, तेही अंतिम सामन्यात आपल्याच देशाच्या ली डोंग-सू आणि यू योंग-सुंग यांना हरवून.

दुहेरीत जोडी किती भक्कम आणि किती नाजूक असते, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा मिळणं कठीण. एकच माणूस, एकच आठवडा, दोन जोडीदार आणि दोन टोकांचे निकाल.

कोरियात जोड्या प्रशिक्षक लावतात. राष्ट्रीय संघातले सगळे एकत्र राहतात, एकत्र सराव करतात. आधी सोलमधल्या तेरुंगच्या क्रीडाग्रामात आणि २०१७ पासून जिनचनच्या नव्या केंद्रात. संघातला प्रत्येक जण इतर प्रत्येकाशी कधी ना कधी खेळलेला असतो. त्यामुळे जोडी मोडली तरी खेळाडू उघड्यावर पडत नाही. पण या व्यवस्थेत खेळाडूच्या शब्दाला वजन थोडं आणि संघटनेच्या शब्दाला फार. लीच्या कारकिर्दीत या दोन्ही बाजू पुढे ठळकपणे दिसतात.

पुढे उभा राहणारा

दुहेरीचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. एकेरीपेक्षा रुंदी जेमतेम मीटरभर जास्त, पण माणसं दुप्पट. म्हणून जागा कमी, वेग जास्त. हल्ला करताना जोडी पुढे-मागे उभी राहते: मागचा स्मॅश मारतो, पुढचा नेटपाशी थांबून परत येणारं शटल झडपतो. बचावाला उतरलं की दोघं शेजारी-शेजारी येतात. या दोन रचनांमधला बदल सेकंदाच्या आत व्हावा लागतो, आणि तोही एकमेकांकडे न बघता.

प्रेक्षकांचं लक्ष मागच्याकडे असतं, कारण स्मॅशचा आवाज त्याच्या रॅकेटमधून येतो. ली मागूनही उत्तम खेळायचा, पण त्याची खरी हुकमत पुढच्या अर्ध्या कोर्टात होती. समोरचा शटल कुठे टाकणार हे त्याला आधीच कळलेलं असे. तो रॅकेट खांद्याच्या वर धरून उभा राही आणि सपाट ड्राइव्ह अर्ध्या वाटेत अडवी. बचावात त्याचं मनगट आणखी बोलकं व्हायचं. अंगावर आलेला स्मॅश तो नुसता परतवत नसे. कधी नेटवरून अलगद खाली सोडी, कधी त्याच वेगाने तिरका परत पाठवी. स्मॅश मारणाऱ्यालाच पुढच्या क्षणी वाकून शटल उचलावं लागे. हल्ल्याचा बचाव आणि बचावाचा हल्ला करण्याचं हे कसब त्याच्या पिढीत कुणाला त्याच्याइतकं साधलं नाही.

जंग जे-संगबरोबर त्याची जोडी जुळली ती यामुळेच. जंग त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा आणि उंचीने १६८ सेंटीमीटर. दुहेरीतल्या आक्रमक खेळाडूसाठी ही उंची कमीच. पण त्याची उडी विलक्षण होती. मागून हवेत झेप घेऊन तो असा स्मॅश मारी की १८० सेंटीमीटरच्या लीपेक्षा तोच उंच वाटावा. जंगने दार फोडायचं आणि लीने आत शिरायचं. २००७ मध्ये क्वालालंपूरच्या जागतिक स्पर्धेत ही जोडी अंतिम फेरीत पोहोचली आणि इंडोनेशियाच्या मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावान यांच्याकडून २१-१९, २१-१९ अशी हरली. २००८ च्या मार्चमध्ये त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली. तेव्हा ली १९ वर्षांचा होता आणि बीजिंग ऑलिम्पिक पाच महिन्यांवर आलं होतं.

बीजिंग: एक पराभव, एक सुवर्ण

बीजिंगला पुरुष दुहेरीत जंग आणि ली पहिल्याच सामन्यात हरले. समोर होते डेन्मार्कचे लार्स पास्के आणि योनास रासमुसेन. तोच रासमुसेन, ज्याने चार वर्षांपूर्वी किम आणि रा यांचं स्वप्न मोडलं होतं. कोरियाची दुसरी जोडी, ली जे-जिन आणि ह्वांग जी-मान, पुढे कांस्यपदक घेऊन गेली. पहिल्या क्रमांकाच्या जोडीला एक विजयही मिळाला नाही.

लीच्या हाती आता फक्त मिश्र दुहेरी उरली होती. जोडीदार ली ह्यो-जंग, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी आणि १८१ सेंटीमीटर उंच. नेटपाशी ती उभी राहिली की समोरच्याला शटल तिच्या डोक्यावरून काढताना दोनदा विचार करावा लागे. त्यामुळे पुरुष दुहेरीत पुढे राज्य करणाऱ्या लीला इथे मागची बाजू सांभाळायची होती. सगळी धाव त्याच्या वाट्याला, नेट तिच्या. १९ वर्षांच्या मुलाने ऑलिम्पिकच्या मध्यावर आपली भूमिका अशी उलटी करून घेतली.

उपान्त्यपूर्व फेरीत त्यांनी इंग्लंडच्या नेथन रॉबर्टसन आणि गेल एम्स यांना हरवलं. अथेन्सचं रौप्यपदक आणि २००६ चं जागतिक विजेतेपद या जोडीच्या नावावर होतं. अंतिम सामना इंडोनेशियाच्या नोव्हा विदियांतो आणि लिलियाना नात्सिर यांच्याशी. ही दोघं २००५ आणि २००७ अशी दोनदा जगज्जेती. ली ह्यो-जंग दोनच दिवसांपूर्वी महिला दुहेरीचा अंतिम सामना हरून आली होती. १७ ऑगस्टला बीजिंग तंत्रज्ञान विद्यापीठाच्या व्यायामशाळेत सामना सुरू झाला आणि दोनच गेममध्ये संपला. २१-११, २१-१७.

शेवटच्या गुणानंतर ली योंग-देने दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. ते दृश्य कोरियाभर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. वृत्तपत्रांनी त्याला ‘विंक बॉय’ म्हटलं, लोकांनी ‘देशाचा धाकटा भाऊ’ केलं. त्याच्या सामन्यांना शाळकरी मुलींची गर्दी होऊ लागली, जाहिराती आल्या. ह्वासुनमध्ये त्याच्या नावाची व्यायामशाळा उभी राहिली आणि त्याच्या ऑलिम्पिक विजयाच्या स्मरणार्थ शालेय संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. कोरियात ऑलिम्पिक पदक मिळालं की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. लीला ती एकोणिसाव्या वर्षी मिळाली.

त्यानंतर कोरियाला बॅडमिंटनमध्ये पुढचं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं ते २०२४ मध्ये पॅरिसला, आन से-यंगने महिला एकेरीत जिंकलेलं. मधली १६ वर्षं कोरियाच्या बॅडमिंटनमधलं सर्वांत ताजं सुवर्ण हे या दोन लींचंच राहिलं. दुहेरीतलं तर आजही तेच आहे.

वेम्बलीचे दोन गुण

हैदराबादच्या त्या २८-२६ नंतर जंग आणि ली यांचं लक्ष लंडन ऑलिम्पिककडे लागलं. २०१२ च्या मार्चमध्ये त्यांनी पुन्हा ऑल इंग्लंड जिंकली. जुलैच्या अखेरीस वेम्बली अरिनात ते सुवर्णाच्या आशेने उतरले, पण ती स्पर्धा कोरियासाठी वेगळ्याच कारणाने काळवंडली. बाद फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केल्याबद्दल महिला दुहेरीच्या चार जोड्या अपात्र ठरल्या. त्यातल्या दोन कोरियाच्या. त्यांतली हा जंग-उन ही मिश्र दुहेरीत लीची जोडीदार होती. ती जोडीही गटातच बाद झाली.

उपान्त्य फेरीत जंग आणि ली यांच्यासमोर डेन्मार्कचे माथियास बो आणि कार्स्टन मोगेन्सन होते. पहिला गेम कोरियाने २१-१७ असा घेतला. दुसरा गेला १८-२१. तिसऱ्यात २०-२० झालं आणि पुढचे दोन्ही गुण डेन्मार्कने काढले. कांस्यपदकाच्या सामन्यात त्यांनी मलेशियाच्या कू किएन किट आणि तान बून हेओंग यांना २३-२१, २१-१० असं हरवलं. त्या पदकानंतर जंग राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला.

बारा महिन्यांचं नातं नव्हतं हे. ली शाळेतून नुकता बाहेर पडत होता तेव्हापासूनची ही जोडी होती. हैदराबादला दोन गुण, वेम्बलीला दोन गुण. दोन्ही ठिकाणी ते विसाच्या बरोबरीपर्यंत जगातल्या सर्वोत्तम जोड्यांच्या तोडीस तोड खेळले आणि दोन्ही ठिकाणी तिथून पुढे हुकले.

निर्दोष, तरी बंदी

जंगनंतर लीसोबत को सुंग-ह्युन आला. ही जोडीही क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेली, पण वर्षभरात प्रशिक्षकांनी ती मोडली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ली पहिल्यांदा यू योन-सोंगबरोबर उतरला. यू हा को सुंग-ह्युनचाच आधीचा जोडीदार. नव्या जोडीने डेन्मार्क ओपन ही आपली पहिलीच स्पर्धा जिंकली.

आणि मग २०१४ च्या जानेवारीत बातमी आली. जागतिक बॅडमिंटन महासंघाने ली योंग-दे आणि राष्ट्रीय संघातला त्याचा सहकारी किम गी-जंग यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली. दोघांच्याही नमुन्यात काहीही सापडलेलं नव्हतं. उत्तेजक तपासणीच्या नियमांनुसार खेळाडूने आपण कुठे असू याची माहिती सतत द्यावी लागते, आणि तेव्हाच्या नियमानुसार १८ महिन्यांत तीनदा ती चुकली किंवा खेळाडू सापडला नाही, तर ते उल्लंघन ठरायचं. तपासनीस तेरुंगला गेले तेव्हा खेळाडू तिथे नव्हते. त्यांचा ठावठिकाणा कळवण्याची जबाबदारी कोरियन संघटनेने स्वतःकडे घेतली होती आणि ती पार पाडली नव्हती. संघटनेला ४० हजार डॉलरचा दंड झाला, पण खेळण्याचा हक्क गेला तो खेळाडूंचा. घरच्या मैदानावरचे, इंचनचे आशियाई खेळ सप्टेंबरमध्ये होते. बंदी त्यांच्याही पुढे जात होती.

कोरियाने दाद मागितली. एप्रिलमध्ये महासंघाच्या समितीने प्रकरण पुन्हा पाहिलं, दोष खेळाडूंचा नाही हे मान्य केलं आणि बंदी उठवली. निर्णय योग्य होता. पण ज्या व्यवस्थेत खेळाडूच्या नावाने सगळे कागद दुसरेच कुणी भरतात, त्या व्यवस्थेत चूक कुणाचीही झाली तरी शिक्षा कुणाला होते, हे त्या तीन महिन्यांनी दाखवलं.

परतल्यावर ली आणि यू यांनी जो खेळ केला तो या कारकिर्दीतला सर्वांत सलग आणि सर्वांत सुंदर भाग. जूनमध्ये त्यांनी इंडोनेशिया ओपन जिंकली, लगोलग ऑस्ट्रेलिया ओपन, आणि वर्षाअखेरीस दुबईची अंतिम सुपर सीरीज. इंचनला पुरुषांच्या सांघिक अंतिम सामन्यात कोरियाने चीनला ३-२ असं हरवलं. त्यातली एक दुहेरी ली आणि यू यांची होती, आणि निर्णायक पाचवा सामना ३४ वर्षांच्या ली ह्युन-इलने जिंकून दिला.

पण त्या वर्षाचा सर्वांत मोठा सामना त्यांनी गमावला. ३१ ऑगस्टला कोपनहेगनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी पूर्ण कोरियन झाली. एका बाजूला ली आणि यू. दुसऱ्या बाजूला लीचा जुना जोडीदार को सुंग-ह्युन आणि त्याच्यासोबत शिन बेक-चोल. २२-२०, २१-२३, २१-१८ असा तो सामना कोने जिंकला. को आणि यू एकेकाळी जोडी होते. को आणि ली एकेकाळी जोडी होते. नेटच्या दोन्ही बाजूंना एकमेकांच्या सगळ्या सवयी पाठ होत्या. लीसाठी हे जागतिक स्पर्धेतलं तिसरं आणि शेवटचं रौप्यपदक ठरलं.

पुढच्या वर्षी जाकार्ताच्या जागतिक स्पर्धेत उपान्त्य फेरीत हेंद्रा सेतियावान पुन्हा आडवा आला. २००७ मध्ये किडोसोबत, २०१५ मध्ये मोहम्मद अहसानसोबत. इंचनच्या आशियाई खेळांतल्या पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यातही हेच दोघं. हेंद्राने दोन जोडीदारांसह एकूण चार जागतिक विजेतेपदं जिंकली. दुहेरीच्या इतिहासात ली आणि हेंद्रा यांची नावं शेजारी-शेजारी ठेवावी लागतात, आणि विजेतेपदांच्या रकान्यात हेंद्राचं पारडं जड आहे हे मान्यही करावं लागतं.

रिओ, आणि त्यानंतरचं कोर्ट

२०१६ ला रिओत ली आणि यू जागतिक क्रमवारीत अव्वल म्हणून उतरले. उपान्त्यपूर्व फेरीत मलेशियाच्या गोह व्ही शेम आणि तान वी किओंग यांनी त्यांना १७-२१, २१-१८, २१-१९ असं हरवलं. लीने एकोणिसाव्या वर्षी जे मिळवलं ते अठ्ठाविसाव्याच्या उंबरठ्यावर पुन्हा हाती आलं नाही.

दीड महिन्याने सोलजवळच्या सोंगनाममध्ये कोरिया ओपन होती. ही राष्ट्रीय संघातली आपली शेवटची स्पर्धा, हे त्याने ठरवलं होतं. अंतिम सामन्यात चीनचे ली जुनहुई आणि लिऊ युचेन समोर होते. दोघंही विशीच्या सुरुवातीचे आणि जवळपास दोन मीटर उंच. पहिला गेम गेला. दुसरा २२-२०, तिसरा २१-१८. निरोपाची स्पर्धा जिंकून ली बाजूला झाला.

बाजूला झाल्यावर दुसरं दार बंद झालं. राष्ट्रीय संघ सोडलेल्या पुरुष खेळाडूला वयाच्या ३१ व्या वर्षापर्यंत आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्वतःच्या बळावर उतरता येणार नाही, असा कोरियन संघटनेचा नियम होता. महिलांसाठी ही मर्यादा २९ होती. खेळाडू न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये त्यांना दिलासा मिळाला. सहा वर्षांनंतर पॅरिसचं सुवर्ण जिंकल्याबरोबर आन से-यंगने संघटनेच्या कारभाराविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा याच प्रकारच्या नियमांवर देशभर चर्चा झाली. लीच्या पिढीने जी भिंत ढकलायला सुरुवात केली, ती नंतरच्या पिढीने बरीच पुढे सरकवली.

याच मधल्या काळात ली मुंबईच्या जर्सीत दिसला. २०१७ च्या प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये तो मुंबई रॉकेट्सकडून खेळला आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. चेन्नईने ४-३ असं हरवलं. पुढच्या मोसमात त्याच्यासोबत मुंबईकडे तान बून हेओंग होता. लंडनच्या कांस्यपदकासाठी ज्याला हरवलं, तोच आता शेजारी. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या मोसमात लीबरोबर किम गी-जंग आला, २०१४ च्या त्या बंदीतला त्याचा साथीदार. मुंबई पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि पुन्हा ४-३ अशी हरली, या वेळी बंगळुरूकडून. त्याच मोसमात पुणे सेव्हन एसेस या नव्या संघात माथियास बो आणि मुंबईचा चिराग शेट्टी होते.

९ मार्च २०१८ रोजी जंग जे-संग गेला. तो ३५ वर्षांचा होता. खेळ सोडल्यावर तो प्रशिक्षक झाला होता, आणि झोपेत हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. लीच्या कारकिर्दीत जोडीदार पुष्कळ झाले, पण लोकांनी त्याच्या नावाशी जोडलेलं पहिलं नाव जंगचंच राहिलं.

त्यानंतर ली आणि किम गी-जंग यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्वतःच्या नावाने प्रवेश घेतला. राष्ट्रीय संघाचा तंबू नाही, राष्ट्रीय केंद्रातला सराव नाही. २०२० च्या जानेवारीत क्वालालंपूरला मलेशिया मास्टर्सच्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर पुन्हा ली जुनहुई आणि लिऊ युचेन उभे होते. ते आता माजी जगज्जेते होते. ३१ वर्षांच्या ली योंग-देने आणि किमने त्यांना २१-१४, २१-१६ असं हरवलं. टोकियो ऑलिम्पिकला तो पोहोचला नाही, पण तीन-चार वर्षं मोठ्या सरावगटाबाहेर राहिलेल्या माणसाने असा सामना जिंकावा, हे त्याच्या हाताविषयी पुरेसं सांगतं.

वारसा कुणाकडे

लीला जे मिळालं नाही ते त्याच्या मागून आलेल्यांनी मिळवलं. २०२३ च्या कोपनहेगन जागतिक स्पर्धेत सो सुंग-जेने पुरुष आणि मिश्र, दोन्ही दुहेरी जिंकल्या. २०२५ मध्ये त्याने किम वोन-होसोबत पुन्हा पुरुष दुहेरीचं जगज्जेतेपद मिळवलं. हा किम वोन-हो म्हणजे अटलांटात पार्क जू-बोंगला हरवणाऱ्या गिल यंग-आचा मुलगा. पार्क जू-बोंग वीस वर्षं जपानचा संघ घडवून २०२५ मध्ये कोरियाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून परतला. त्याच वर्षी किम डोंग-मून संघटनेचा अध्यक्ष झाला.

आपल्याकडेही या कहाणीचा एक धागा येऊन पोहोचतो. लंडनच्या उपान्त्य फेरीत लीला दोन गुणांनी हरवणारा माथियास बो पुढे चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांचा प्रशिक्षक झाला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई खेळांत या दोघांनी अंतिम सामना २१-१८, २१-१६ असा जिंकला, तो कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि किम वोन-हो यांच्याविरुद्ध. आशियाई खेळांच्या पुरुष दुहेरीत त्याआधी भारताला पदक मिळालं होतं ते १९८२ मध्ये दिल्लीत, महाराष्ट्राचे प्रदीप गंधे आणि लिरॉय डिसा यांचं कांस्य. मध्ये ४१ वर्षं गेली.

त्या ४१ वर्षांत आपल्याकडे गुणवान खेळाडू नव्हते असं नाही. आपण दुहेरीकडे एकेरीत न जमलेल्यांची सोय म्हणून पाहत राहिलो. कोरियाने नेमकं उलट केलं. शाळेच्या संघापासून मुलाला दुहेरी शिकवली, एका पिढीच्या विजेत्याला दुसऱ्या पिढीच्या शेजारी उभं केलं आणि जोडी लावणं हे प्रशिक्षकाचं मुख्य काम मानलं. त्यांच्या संघटनेच्या चुका आपण घेऊ नयेत; खेळाडूला मुठीत ठेवणारे नियम तर मुळीच नाहीत. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना दुहेरीचे स्वतंत्र प्रशिक्षक मिळणं, जिल्हा स्पर्धांत दुहेरीचे सामने उरकून न टाकता मुख्य कोर्टावर खेळवणं, आणि चांगल्या पुढच्या खेळाडूला चांगल्या स्मॅश मारणाऱ्याइतकीच शाबासकी देणं, एवढं पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या क्लबांना आजपासून करता येईल.

आणि वाचकांना एक विनंती. ली योंग-देचे जुने सामने इंटरनेटवर सहज सापडतात. हैदराबादचा तिसरा गेम पाहा, इंडोनेशियातला २०१४ चा अंतिम सामना पाहा. पाहताना एकदा तरी स्मॅश मारणाऱ्यावरची नजर काढून नेटपाशी उभ्या असलेल्या खेळाडूवर ठेवा, आणि पुढच्या वेळी चिराग-सात्विक खेळताना दिसले की तसंच करा.